किती वेळा? : संकेतस्थळाच्या आज्ञावलीतील दोषशोधनासाठी ब्राउझर कन्सोलमधील गणकाचा उपयोग

बीजशब्द : दोषशोधन, जावास्क्रिप्ट, ब्राउझर, कन्सोल, गणक, देवनागरी टंकलेखन

प्रस्तावना :

काही वर्षांपूर्वी पदवीच्या अंतिम वर्षातील एक विद्यार्थी दोन पावत्या घेऊन आमच्या संगणक प्रयोगशाळेत आला. एका संस्थेच्या परीक्षेसाठी त्याने ऑनलाइन नोंदणी केली होती. ‘शुल्क भरा’ हे बटण आपण एकदाच दाबले असे तो पुनःपुन्हा सांगत होता. खात्यातून रक्कम मात्र दोनदा वजा झाली होती. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणाऱ्या वडिलांना ही दुसरी रक्कम कशी समजावून सांगावी, ही त्याची खरी अडचण होती. ती रक्कम परत मिळण्यास दीड महिना लागला.

त्या पानाची आज्ञावली आम्हांस पाहावयास मिळाली नाही. त्यामुळे तेथे नेमके काय चुकले हे सांगता येणार नाही. परंतु या प्रसंगातून वर्गात एक प्रश्न उभा राहिला. विद्यार्थी आज्ञावलीतील चूक शोधताना बहुधा ‘या चलाचे मूल्य काय आहे?’ एवढेच विचारतात. ‘हे फंक्शन किती वेळा चालले?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. दोन पावत्यांच्या बाबतीत रक्कम बरोबर होती, नाव बरोबर होते, दिनांकही बरोबर होता. प्रत्येक मूल्य अचूक असून चूक केवळ संख्येत होती. अशा चुका पकडण्यासाठी ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एक अत्यंत साधे साधन उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखात त्याचे स्वरूप व प्रयोगशाळेत आलेला त्याचा अनुभव मांडला आहे.

पार्श्वभूमी :

प्रस्तुत लेखकाच्या विद्यार्थिदशेत, म्हणजे सन २०१० च्या सुमारास, जावास्क्रिप्टमधील चूक शोधण्याचा आमचा एकमेव मार्ग ‘अलर्ट’ हा होता. संशयास्पद ओळीजवळ अलर्ट लिहावयाचा, पडद्यावर चौकट आली की ‘ओके’ दाबावयाचे. लूप शंभर वेळा फिरत असेल तर शंभर वेळा ओके दाबावे लागे आणि साठ-सत्तरच्या दरम्यान कोठेतरी मोजणी चुकत असे. शिवाय अलर्टची चौकट उघडी असेपर्यंत पानाची आज्ञावली पुढे सरकत नाही. ज्या चुका वेळेशी निगडित असतात, त्या या थांबण्यामुळेच नाहीशा होतात आणि अलर्ट काढताच पुन्हा प्रकट होतात.

वास्तविक यापेक्षा चांगली सोय त्यापूर्वीच झाली होती. जो ह्युइट यांनी २००६ साली फायरफॉक्स ब्राउझरसाठी ‘फायरबग’ हे साधन प्रसिद्ध केले आणि कन्सोलवर संदेश लिहिण्याची पद्धत रूढ झाली. फायरबगचा विकास २०१७ मध्ये थांबला, कारण तोपर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांत तशीच साधने अंगभूत आली होती. आज विंडोज संगणकावर क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये एफ १२ ही कळ दाबली की ती साधने उघडतात व त्यांतच कन्सोल असतो.

गणकाचे स्वरूप :

या साधनाचे नाव ‘कन्सोल.काउंट’ असे आहे. (प्रत्यक्ष आज्ञावलीत हे व पुढील सर्व नावे रोमन लिपीत लिहावयाची असतात.) त्यास कंसात एक खूणनाव द्यावयाचे असते. ब्राउझर प्रत्येक खूणनावासमोर एक आकडा जपून ठेवतो. ती ओळ प्रथम चालली की ‘शुल्क: १’, दुसऱ्यांदा चालली की ‘शुल्क: २’ अशा नोंदी कन्सोलवर उमटतात. खूणनाव दिले नाही तर ब्राउझर ‘डिफॉल्ट’ हे नाव गृहीत धरतो. आकडा पुन्हा शून्यावर आणण्यासाठी ‘कन्सोल.काउंटरीसेट’ ही आज्ञा आहे. ती क्रोम व फायरफॉक्समध्ये २०१८ साली आली. रीसेट यशस्वी झाल्यास कन्सोलवर काहीही उमटत नाही. त्या नावाचा गणकच नसेल तर मात्र इशारा मिळतो. हा इशारा उपयुक्त आहे, कारण बहुतेक वेळा तो खूणनावाच्या स्पेलिंगमधील चूक दाखवितो.

हेच काम आपण स्वतःचा एक चल घेऊन, त्यात दर वेळी एक मिळवून करू शकतो, असा आक्षेप विद्यार्थी घेतात. तो बरोबरही आहे. परंतु तो चल कोठे घोषित करावयाचा, इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. फंक्शनच्या आत घोषित केला तर तो दर वेळी शून्यापासून सुरू होतो आणि गणकच खोटे बोलू लागतो. ब्राउझरचा गणक पानाच्या आज्ञावलीबाहेर राहत असल्यामुळे ही चूक त्यात संभवत नाही.

दोन गोष्टी आरंभीच ध्यानी घ्याव्यात. खूणनाव हे अखेर मजकुरात रूपांतरित होते. म्हणून तेथे एखादा ऑब्जेक्ट दिल्यास सर्व ऑब्जेक्टांची नोंद एकाच नावाखाली होते आणि आकडा निरर्थक ठरतो. तसेच पान नव्याने उघडले की सर्व गणक पुन्हा एकपासून मोजू लागतात. कन्सोलवरील जुने संदेश टिकवून ठेवण्याचा पर्याय निवडलेला असेल तर जुनी ‘४’ ही नोंद वर दिसते व खाली नवी ‘१’ दिसते. पहिल्या आठवड्यात हे पाहून किमान एक तरी विद्यार्थी संगणक बिघडल्याची तक्रार करतो.

आधी अंदाज, मग मोजणी :

नुसता आकडा काहीच सांगत नाही. ‘शोध: ९’ ही नोंद चांगली की वाईट? याचे उत्तर आपण किती अपेक्षित धरले होते यावर अवलंबून आहे. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत एक नियम केला आहे : गणकाची ओळ लिहिल्यावर पान चालविण्यापूर्वी अपेक्षित आकडा प्रयोगवहीत पेनने लिहावयाचा, पेन्सिलीने नाही. आकडा समोर आल्यानंतर ‘मला हेच वाटले होते’ असे म्हणण्याची सोय त्यामुळे राहत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या साधनाचा निम्माअधिक उपयोग या वहीतल्या ओळीतच आहे. फंक्शन किती वेळा चालावे हे ज्यास आधी सांगता येत नाही, त्यास आपली आज्ञावली अद्याप कळलेली नसते.

दोन पावत्यांचा प्रसंग आम्ही प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या उभा केला. एका पानावर ‘शुल्क भरा’ ही चौकट उघडणारे फंक्शन लिहिले आणि त्याच फंक्शनमध्ये बटणावर ‘अ‍ॅडइव्हेंटलिसनर’ने क्लिकची दखल घेणारे निनावी फंक्शन जोडले. अपेक्षित आकडा सर्वांनी १ लिहिला. चौकट प्रथम उघडून बटण दाबले असता ‘शुल्क: १’ आले. चौकट दोनदा बंद करून पुन्हा उघडली व बटण एकदाच दाबले. या एका क्लिकने गणक तीनदा पुढे गेला. चौकट जितक्या वेळा उघडली तितकी निनावी फंक्शने त्या बटणावर साचली होती. तेच फंक्शन नाव देऊन चौकटीच्या बाहेर एकदाच लिहिले असता आकडा पुन्हा १ झाला. कारण त्याच घटनेसाठी तेच फंक्शन पुन्हा जोडल्यास ब्राउझर दुसरी जोडणी दुर्लक्षितो. निनावी फंक्शन मात्र दर वेळी नव्याने निर्माण होत असल्याने ब्राउझरच्या दृष्टीने ते निराळेच असते. शुल्काच्या बाबतीत केवळ ब्राउझरमधील दुरुस्तीवर विसंबून चालत नाही, सर्व्हरनेही एकच विनंती दुसऱ्यांदा आल्यास ती ओळखली पाहिजे, हे विद्यार्थ्यांस सांगावेच लागते.

पुढील लोकलचे पान :

गणकाचे खरे सामर्थ्य ज्या प्रयोगात दिसून आले तो लोकलच्या वेळापत्रकाचा. कल्याणच्या पुढे कर्जत शाखेवर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही स्थानके क्रमाने येतात. एका विद्यार्थिनीने प्रकल्प म्हणून असे पान तयार केले की, यादीतून स्थानक निवडावे व मुंबईकडे जाणाऱ्या पुढील गाड्या पाहाव्यात. दर तीस सेकंदांनी पान प्रयोगशाळेच्या सर्व्हरवरील फाइलमधून माहिती पुन्हा आणीत असे. पान उत्तम दिसत होते. मात्र बदलापूर निवडलेले असताना मधूनच क्षणभर अंबरनाथच्या गाड्या चमकून जात.

ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी वाटेल. या पट्ट्यात राहणाऱ्यास ती तशी वाटणार नाही. काही लोकल अंबरनाथहूनच सुटतात. त्या बदलापूरला येतच नाहीत. बदलापूरच्या फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाने नेमक्या त्या क्षणी पान पाहिले तर न येणाऱ्या गाडीची वाट पाहत तो हाताशी असलेली गाडी सोडील. सकाळच्या वेळी एक गाडी चुकणे म्हणजे काय हे आमच्या वर्गातील कोणासही समजावून सांगावे लागले नाही.

विद्यार्थिनीने आज्ञावली वाचून पाहिली, प्रस्तुत लेखकानेही वाचली, आणि दोघांनाही ती निर्दोष वाटली. स्थानक बदलताच जुना ‘सेटइंटरव्हल’ थांबविण्यासाठी ‘क्लिअरइंटरव्हल’ लिहिलेले होते. त्यानंतर नवा सुरू होत होता. मग माहिती आणणाऱ्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत गणक लिहिला आणि खूणनाव म्हणून स्थानकाचेच नाव दिले. अंदाज असा लिहिला : चारही स्थानके एकापाठोपाठ निवडून शेवटी बदलापूरवर थांबावे व सर्व गणक रीसेट करावेत, नंतरच्या पाच मिनिटांत दर तीस सेकंदांस एक याप्रमाणे ‘बदलापूर: १०’ यावे, इतर तीन नावे मुळीच येऊ नयेत. प्रत्यक्षात चारही नावे दहापर्यंत गेली. दहाऐवजी चाळीस विनंत्या झाल्या होत्या. विठ्ठलवाडी सोडून पाच मिनिटे झाली तरी विठ्ठलवाडीची माहिती कोणीतरी नित्यनेमाने आणीतच होते.

आता पाहावयाचे ठिकाण निश्चित झाले. कालमापकाची ओळख ठेवणारा चल फंक्शनच्या आत घोषित केला होता. त्यामुळे स्थानक बदलताना दर वेळी नवा, रिकामा चल निर्माण होई आणि क्लिअरइंटरव्हलला तो रिकामा चलच मिळे. अशा वेळी जावास्क्रिप्ट कोणतीही चूक दाखवीत नाही. थांबविण्याजोगे काही नाही असे समजून ती मुकाट्याने पुढे जाते. घोषणेची एक ओळ फंक्शनच्या बाहेर नेताच मोजणी अंदाजाप्रमाणे आली.

येथे खूणनावाची निवड महत्त्वाची ठरली. सर्व स्थानकांसाठी ‘माहिती’ असे एकच नाव दिले असते तर ‘माहिती: ४०’ एवढेच दिसले असते आणि चौपट हा आकडा पाहून काहींनी तीस सेकंदांच्या जागी चुकून साडेसात सेकंद लिहिले गेले काय, याचा शोध घेतला असता. जी गोष्ट बदलते तिचे नाव खुणेत असावे, हे त्या दिवसापासून आम्ही पाळतो.

एक उणीव मात्र राहिली. कालमापक थांबविल्यानंतरही आधीच निघालेल्या अंबरनाथच्या विनंतीचे उत्तर उशिरा येऊन बदलापूरच्या पानावर उमटू शकते. विनंती जाताना एक व उत्तर येताना एक असे दोन गणक ठेवले तर जाणारे व येणारे यांची संख्या जुळते, आणि तरीही पान चुकीचे दिसू शकते. कारण येथे चूक संख्येत नसून क्रमात आहे. गणकास क्रम कळत नाही. त्यासाठी उत्तर आल्यावर त्यातील स्थानक अद्याप निवडलेलेच आहे ना, हे तपासावे लागते.

देवनागरी शोधपेटी :

मराठी पानांच्या बाबतीत गणकाने आणखी एक गोष्ट उघड केली. स्थानक यादीतून निवडण्याऐवजी टंकित करून शोधण्याची पेटी करावी असे ठरले. पेटीतील मजकूर बदलला की ‘इनपुट’ ही घटना घडते व शोधाची विनंती जाते. ‘उल्हासनगर’ हा शब्द टंकित करताना किती विनंत्या जातील? जवळजवळ सर्वांनी वहीत ६ लिहिले : उ, ल्हा, स, न, ग, र. इनस्क्रिप्ट कळफलकावर टंकित केल्यावर गणकाने ९ दाखविले.

कारण उघड आहे, परंतु शाळेत शिकलेले अक्षर आणि संगणकातील अक्षर यांतील अंतर त्यापूर्वी कोणाच्या लक्षात आले नव्हते. युनिकोडमध्ये ‘ल्हा’ हे एक अक्षर नसून ल, हलन्त, ह व काना अशी चार चिन्हे आहेत. इनस्क्रिप्ट कळफलकावर ती एकेक करून उमटतात आणि प्रत्येकागणिक पेटीतील मजकूर बदलतो. याच हिशेबाने ‘अंबरनाथ’ व ‘बदलापूर’ हे कानास पाच अक्षरांचे शब्द संगणकास सात चिन्हांचे आहेत. चूक दुरुस्त करतानाही बहुधा एकेक चिन्हच खोडले जाते, म्हणजे विनंत्यांत पुन्हा भर. रोमन अक्षरांतून मराठी उमटविणाऱ्या मोबाईलच्या कळफलकांवर आकडा निराळा येतो. तो कळफलकागणिक बदलतो आणि म्हणूनच तो तर्काने न ठरविता मोजून पाहणे बरे.

एका शब्दासाठी नऊ विनंत्या प्रयोगशाळेत जाणवत नाहीत. गर्दीच्या डब्यात, तुटक नेटवर्कवर त्या जाणवतात. आधीच्या आठ उत्तरांची कोणास गरजही नसते. उपाय परिचित आहे : शेवटची कळ दाबल्यानंतर, समजा, ३०० मिलिसेकंद थांबावे व तोवर नवी कळ न आल्यासच विनंती पाठवावी. यासाठी ‘कळ’ व ‘शोध’ अशी दोन खूणनावे ठेवली. सफाईने टंकित केल्यास ‘कळ: ९’ व ‘शोध: १’ असे येते. हलन्त शोधत अडखळणाऱ्या विद्यार्थ्याचा ‘शोध’ तीन-चारपर्यंत जातो. थांबण्याची मुदत किती असावी हे इंग्रजी पुस्तकांतील आकड्यावरून न ठरविता आपले लोक देवनागरी किती वेगाने टंकित करतात यावरून ठरवावे, असे वाटते.

आकडा वाचताना होणारे गैरसमज :

प्रत्येक अनपेक्षित आकडा चुकीचा नसतो. नमुना अर्जात ‘माध्यम : मराठी’ या शब्दांवर क्लिक केले असता भोवतालच्या चौकटीवरील गणक दोनने पुढे गेला. माउस खराब झाला आहे असे ठरवून विद्यार्थ्याने शेजारच्या संगणकाचा माउस आणून लावला, तेथेही दोनच. येथे ब्राउझर नियमाप्रमाणेच वागत होता. ‘लेबल’वर क्लिक केले की तो संबंधित चेकबॉक्सवरही एक क्लिक घडवितो आणि दोन्ही घटना वर चढत बाहेरच्या चौकटीपर्यंत पोहोचतात. तेथे क्लिकऐवजी ‘चेंज’ ही घटना मोजली पाहिजे.

रिअ‍ॅक्ट वापरणाऱ्यांच्या बाबतीतही असेच घडते. त्यातील ‘स्ट्रिक्ट मोड’ चालू असल्यास विकासावस्थेत घटकाचे फंक्शन हेतुपुरस्सर दोनदा चालविले जाते आणि २०२२ च्या अठराव्या आवृत्तीपासून घटक प्रथम पडद्यावर येताना ‘इफेक्ट’ही दोनदा चालतात. चूक लवकर उघडी पडावी हाच त्यामागील हेतू आहे. प्रत्यक्ष प्रकाशित पानावर ही पुनरावृत्ती होत नाही. तेव्हा गणकात २ दिसताच आज्ञावली उचकटण्यापूर्वी आपण कोणत्या अवस्थेत मोजत आहोत हे पाहावे.

जुन्या टिपणांवरून शिकणाऱ्यांसाठी एक सूचना आवश्यक आहे. क्रोमच्या पूर्वीच्या आवृत्त्यांत एकच खूणनाव दोन वेगवेगळ्या ओळींवर दिल्यास त्यांची मोजणी स्वतंत्र होत असे. सध्याच्या मानकाप्रमाणे ओळ कोणतीही असो, खूणनाव समान असेल तर मोजणी एकत्र होते. जुन्या वर्णनावर विसंबून दोन फंक्शनांत एकच नाव ठेवल्यास बेरीज हाती येते व कोणाचा वाटा किती हे कळत नाही.

आकडा अधिक आला पण कोणाच्या बोलावण्यावरून हे समजत नसेल, तर त्याच जागी ‘कन्सोल.ट्रेस’ लिहावे, ते फंक्शन कोणी कोणास बोलावले याची साखळी दाखविते. आरंभीच ट्रेस लिहिण्याची घाई मात्र करू नये. चाळीस साखळ्या वाचण्यापेक्षा चार आकडे वाचणे सोपे. स्क्रोल किंवा माउसच्या हालचालीसारख्या सतत घडणाऱ्या घटनांत गणक ठेवल्यास कन्सोलच इतका भरतो की पान मंदावते. तेथे स्वतःचा चल मोजून शेवटी एकदाच छापणे इष्ट. दोष सापडल्यावर गणकाच्या ओळी काढून टाकाव्यात. इंटरनेट एक्सप्लोररच्या आठव्या व नवव्या आवृत्तीत विकसनसाधने उघडी नसताना कन्सोल अस्तित्वातच नसे व विसरलेल्या एका ओळीने पानाची आज्ञावली बंद पडे. तो ब्राउझर २०२२ मध्ये निवृत्त झाल्याने ते भय उरलेले नाही. परंतु पाहुण्याने कन्सोल उघडून ‘शुल्क: ३’ वाचावे, हेही फारसे शोभत नाही.

लोकलच्या पानाबाबत एक नोंद अजून सांगावयाची आहे. दुरुस्तीनंतर त्याच विद्यार्थिनीने पान क्रोममध्ये उघडे ठेवून दुसऱ्या टॅबवर वीस मिनिटे काम केले. तिने वहीत ४० हा अंदाज लिहिला होता. आकडा त्याहून पुष्कळ कमी आला. अधिक आकड्याचे कारण शोधण्याची सवय झाली होती, कमी आकड्याने वर्ग गोंधळला. जानेवारी २०२१ मधील अठ्ठ्याऐंशीव्या आवृत्तीपासून क्रोम, पाच मिनिटांहून अधिक काळ झाकलेल्या पानाचे कालमापक साधारणतः मिनिटास एकदाच चालू देतो, ही गोष्ट तेव्हा शोधून काढावी लागली. बॅटरीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु फोन खिशातून काढून पान पाहणाऱ्या प्रवाशास जवळजवळ मिनिटभर शिळी माहिती दिसू शकते. म्हणून पान पुन्हा दृष्टीस पडताच ‘व्हिजिबिलिटीचेंज’ या घटनेवर ताबडतोब एक विनंती पाठविण्याची ओळ तिने जोडली, तिच्याजवळ ‘परत’ या नावाचा गणक ठेवला आणि वहीत अपेक्षित आकडा लिहिला : १.